पंडरीतून: पाच व्होल्ट, तीन व्होल्ट आणि मधला दुभाषी

यावेळचा लेख रायपूरहून. युनिटचं नाव आणि काम आपण इथे लिहीत नाही, ते तुम्हाला ठाऊकच आहे. मुक्काम मात्र सांगायला हरकत नाही. कुटुंबाला आणायचं म्हणून पंडरीत भाड्याने घर घेतलं आहे. पंडरी म्हणजे रायपूरचा कापडबाजार. थानांचे गठ्ठे, हातगाड्या आणि लग्नसराईत पाय ठेवायला जागा नाही अशी गर्दी. शहराचं जुनं बसस्थानकही इथेच होतं, ते आता भाठागावला गेलं. आणि याच पंडरीवरून एके काळी छोटी लाईन जायची, रायपूर-धमतरी. तिच्या जागेवर आज एक्सप्रेसवे आहे आणि त्याचा पूल पंडरीत उभा आहे.

या छोट्या लाईनीपासूनच सुरुवात करतो, कारण आजचा विषय सिग्नलच्या व्होल्टेजचा असला तरी त्याचं मूळ दुखणं रुळांवर लवकर कळतं.

विदर्भातल्या वाचकांना नागपूर-छत्तीसगढ रेल्वे ऐकून माहीत असेल. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला नागपूरहून राजनांदगावपर्यंत मीटरगेज लाईन आली. पुढे १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिने ही लाईन घेतली, ब्रॉडगेज केली आणि रायपूरवरून पुढे नेली. नंतर १९०० साली रायपूरहून धमतरीला लाईन निघाली ती मात्र नॅरोगेज, म्हणजे अडीच फुटांची. एकीकडे रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर, दुसरीकडे ७६२. धमतरीकडच्या जंगलातलं लाकूड रायपूरला आलं की डबा पुढे जाऊ शकत नसे. माल उतरवायचा आणि मोठ्या डब्यात चढवायचा. माल तोच, मुक्काम तोच, पण मधे हमाल लागायचाच. आणि कोणी अविचाराने छोटा डबा मोठ्या रुळावर ढकलला असता, तर तो चालला नसता एवढंच नाही, सरळ खाली पडला असता.

दोन इलेक्ट्रॉनिक चिपांमध्ये नेमकं हेच होतं. एक चिप पाच व्होल्टवर बोलते, दुसरी तीनवर. निरोप एकच असतो, हो किंवा नाही. पण मधे कोणी नसेल तर निरोप पोचत नाही, किंवा पोचताना ऐकणारा मरतो. या मधल्या हमालाची, खरं म्हणजे दुभाष्याची, हकीकत मला आज सांगायची आहे. माझं अर्धं आयुष्य कोअर ऑफ सिग्नल्समध्ये गेलं. आमचं ब्रीद ‘तीव्र चौकस’. तीव्र होणं सोपं असतं. चौकस राहणं कुठे लागतं ते या लेखात दिसेल.

आधी पाया. तारेत शून्य आणि एक असं काही नसतं, तारेत फक्त व्होल्टेज असतं. अमुक पातळीच्या वर असेल तर ‘एक’ म्हणायचं, तमुक पातळीच्या खाली असेल तर ‘शून्य’ म्हणायचं, हा दोन्ही बाजूंनी केलेला करार असतो. आणि या दोन पातळ्यांच्या मधे एक पट्टा असतो, तो कोणाचाच नाही. सीमेवर काम केलेल्यांना वेगळं सांगायला नको. त्या पट्ट्यात उभ्या असलेल्या माणसाला कोणत्या बाजूचा समजायचं, याचा भरवसा नसतो. व्होल्टेज तिथे अडकलं तर चिप कधी एक समजते, कधी शून्य. सकाळी बरोबर, दुपारी ऊन चढलं की चूक. जुन्या मंडळींना अशा बिघाडांची चांगली ओळख असेल. सेट वर्कशॉपला पाठवावा, तिथे तो ठणठणीत चालावा, आणि परत आला की पुन्हा तेच.

हा करार चिपांच्या आधीपासूनचा आहे. तारयंत्राच्या काळातही लांबच्या तारेवरून येताना प्रवाह इतका क्षीण व्हायचा की छापणारं यंत्र हलायचं नाही. तेव्हा रिले लावायचे. क्षीण प्रवाह एका छोट्या विद्युतचुंबकाला ओढायला पुरे व्हायचा, आणि तो चुंबक दुसऱ्या बॅटरीचा स्विच दाबायचा. पहिल्या सर्किटची वीज दुसऱ्यात जातच नसे. जायचा तो फक्त निरोप. आपल्याकडे ओशॉनेसी यांनी १८३९ साली कलकत्त्यात तारेचे प्रयोग केले आणि १८५५ च्या फेब्रुवारीत तार सर्वसामान्यांसाठी खुली झाली. तेव्हापासून २०१३ च्या जुलैत शेवटची तार जाईपर्यंत हा विचार बदलला नाही. एका बाजूची ताकद दुसऱ्या बाजूला लादायची नाही, फक्त अर्थ पोचवायचा.

पुढे टेलिप्रिंटर आले. ब्रिटिश पद्धतीच्या लाईनीवर अधिक ८० आणि उणे ८० व्होल्ट चालायचे. टेलिप्रिंटर रूममध्ये ड्यूटी केलेला एखादा निवृत्त हवालदार हे वाचत असेल, तर त्या झटक्याची आठवण त्याला अजून असेल. तिथे ‘मार्क’ आणि ‘स्पेस’ अशा दोन अवस्था असायच्या. १९६० साली अमेरिकेत मोडेम आणि टेलिप्रिंटर जोडण्यासाठी आरएस-२३२ हे प्रमाण ठरवलं, तेव्हा तारेच्या जगातले हेच शब्द त्यात आले. म्हणून आरएस-२३२ मध्ये ‘एक’ म्हणजे उणे व्होल्टेज आणि ‘शून्य’ म्हणजे अधिक. पाठवणाऱ्याने ५ ते १५ व्होल्ट द्यायचे, अधिक किंवा उणे. घेणाऱ्याने ३ च्या पलीकडचं मान्य करायचं. उणे ३ ते अधिक ३ हा पट्टा कोणाचाच नाही.

आता दुसरी बाजू. १९६४ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने टीटीएल चिपांची ५४०० मालिका काढली, आणि १९६६ साली प्लास्टिकच्या खोक्यातली स्वस्त ७४०० मालिका. आपल्या फौजी वाचकांसाठी ही गंमत मुद्दाम सांगतो. ५४ ही फौजी आणि ७४ ही सिव्हिलियन. आतलं सर्किट तेच. फौजीला उणे ५५ ते अधिक १२५ अंश सेल्सियसपर्यंत चालायचं बंधन, सिव्हिलियनला शून्य ते ७०. म्हणजे एकाला सियाचिन आणि जैसलमेर दोन्ही, आणि दुसऱ्याला पंख्याखालचं ऑफिस. दोघांचं जेवण मात्र एकच, पाच व्होल्ट. पुढची पंचवीस-तीस वर्षं जगातली डिजिटल यंत्रं या पाच व्होल्टवर वाढली.

टीटीएलचा करार उस्ताद आमच्याकडून पहाडे म्हणून घ्यावेत तसा पाठ करून घेत असत. पाठवणारा ‘एक’ म्हणेल तेव्हा किमान २.४ व्होल्ट देईल. ऐकणारा २.० च्या वर काहीही ‘एक’ मानेल. पाठवणारा ‘शून्य’ म्हणेल तेव्हा ०.४ च्या वर जाणार नाही. ऐकणारा ०.८ पर्यंत ‘शून्य’ मानेल. दोन्हीकडे ०.४ व्होल्टची उदारता ठेवली आहे. वाटेत थोडा आवाज मिसळला, तार लांब झाली, जमीन नीट जोडलेली नाही, तरी निरोप बिघडू नये म्हणून. देणाऱ्याने आपल्या शब्दाबाबत कडक असावं आणि घेणाऱ्याने समजून घ्यावं. माणसांतही हा नियम वाईट नाही.

आता या पाच व्होल्टच्या टीटीएल चिपेला आरएस-२३२ ची लाईन जोडायची म्हणजे काय? एका बाजूला शून्य ते पाच, दुसऱ्या बाजूला उणे बारा ते अधिक बारा. आणि अर्थही उलटा. १४८८ आणि १४८९ या दोन चिपा हे काम करायच्या, एक पाठवायला, एक घ्यायला. पण १४८८ ला अधिक १२ आणि उणे १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागायचा. एका निरोपासाठी दोन जादा पॉवर सप्लाय. १९८७ साली मॅक्सिम कंपनीने मॅक्स २३२ काढली. तिने काय केलं? पाच व्होल्टने एक कपॅसिटर भरला, मग तो पाच व्होल्टच्या डोक्यावर ठेवून दहा केले. तेच दहा दुसऱ्या कपॅसिटरने उलटे करून उणे दहा केले. विहिरीवर बादली भरून वरच्या हौदात ओतावी तसं, सेकंदाला हजारो वेळा. बाहेरून चार-पाच छोटे कपॅसिटर, आणि काम झालं. आजही जुन्या यंत्राची सिरियल पोर्ट उघडली की ही सोळा पायांची चिप बसलेली दिसते.

पाच व्होल्टच्या घरातही भांडण होतंच. १९६३ साली फेअरचाइल्डमध्ये फ्रँक वॉनलास यांनी सीमॉस सर्किट मांडलं आणि १९६८ साली आरसीए कंपनीने सीमॉसची ४००० मालिका आणली. हिचा गुण असा की स्वस्थ बसली असताना वीज जवळजवळ खातच नाही. बॅटरीवर चालणाऱ्या पाठीवरच्या सेटला हे वरदानच. पण हिचा करार वेगळा. पाच व्होल्टवर चालणारी सीमॉस चिप ‘एक’ मानते तो साधारण ३.५ व्होल्टच्या पुढे. आणि टीटीएलने वचन दिलंय फक्त २.४ चं. म्हणजे दोघांचं जेवण एक, घर एक, आणि तरी ११०० मिलिव्होल्टचा अबोला. टीटीएलने प्रामाणिकपणे आपला शब्द पाळला, तरी सीमॉसला तो ऐकूच येईल असं नाही.

इलाज दोन निघाले. पहिला वर्कशॉपचा. तारेला एक रेझिस्टन्स लावून तो पाच व्होल्टला बांधायचा. टीटीएलने हात सोडला की रेझिस्टन्स तारेला वर ओढून घेतो. दुसरा इलाज कारखान्याचा. १९८० च्या दशकात ७४एचसीटी नावाच्या सीमॉस चिपा आल्या. त्यातला शेवटचा ‘टी’ म्हणजे टीटीएल. अंगाने सीमॉस, पण कान टीटीएलचे. दोनच्या वरचं सगळं ‘एक’ मानणाऱ्या. घरात एक तरी माणूस असा हवा, ज्याला सासरची आणि माहेरची दोन्ही बोली कळते. ती ही एचसीटी.

मग प्रश्न येतो, सगळं पाच व्होल्टवर सुरळीत चाललं असताना खाली उतरायचं कशाला? कारण दोन. पहिलं कारण उष्णता. सीमॉस चिप दर टिकटिकीला जी वीज जाळते, ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. पाचवरून ३.३ वर या, खर्च ४४ टक्क्यांवर येतो. १.८ वर या, अवघ्या १३ टक्क्यांवर. जेवढ्या वेगाने आणि जेवढ्या संख्येने ट्रान्झिस्टर एका चिपेत कोंबायचे आहेत, ते पाच व्होल्टवर कोंबले तर चिप तव्यासारखी तापेल. दुसरं कारण बारीकपणा. ट्रान्झिस्टर लहान करत गेलो की त्यातला ऑक्साइडचा थरही पातळ होतो, आणि पातळ थराला मोठं व्होल्टेज झेपत नाही. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी सहकाऱ्यांसह १९७४ साली हे गणित मांडलं होतं. आकार कमी करायचा तर व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी करा. उद्योगाने हे बराच काळ पुढे ढकललं, कारण पाच व्होल्टची सवय सगळ्यांना सोयीची होती. पण १९९३ चा पहिला पेंटियम पाच व्होल्टवर चालायचा आणि चांगलाच तापायचा. १९९४ च्या पुढच्या पेंटियमला ३.३ वर यावंच लागलं.

३.३ या आकड्यात एक शहाणपण आहे. ३.३ व्होल्टची चिप २.४ व्होल्ट सहज देऊ शकते, म्हणजे जुन्या टीटीएलला तिचं बोलणं कळतं. नवा जवान बोलला की जुना सुभेदार ऐकू शकतो. पण उलट नाही. जुना पूर्ण ताकदीने पाच व्होल्टवर बोलला, तर नव्या जवानाच्या कानाचा पडदा फाटतो.

हे कसं होतं ते पंडरीतच नुकतं पाहायला मिळालं. शेजारच्या घरातला मुलगा इलेक्ट्रॉनिक्समध्ये डिप्लोमा करतो. छत्तीसगढी घर, मला ‘कका’ म्हणतो. त्याचा प्रोजेक्ट होता टाकीतल्या पाण्याची उंची मोजायचा. ध्वनिलहरी सोडून अंतर मोजणारा पाच व्होल्टचा सेन्सर आणि ३.३ व्होल्टवर चालणारा छोटा बोर्ड, अशी जोडणी त्याने केली. पहिले दोन दिवस सगळं चाललं. तिसऱ्या दिवशी बोर्डाची ती एक पिन कायमची गेली, आणि परीक्षा चार दिवसांवर आलेली. त्याचा प्रश्न बरोबर होता. “कका, चूक असतं तर पहिल्याच दिवशी जळायला पाहिजे होतं ना?”

नाही बाळा, तसं नसतं. प्रत्येक पिनेच्या आत एक डायोड पहारेकऱ्यासारखा उभा असतो. पिनेवरचं व्होल्टेज चिपेच्या स्वतःच्या ३.३ च्या फार वर गेलं की तो डायोड जादा प्रवाह चिपेच्या पुरवठ्यात ढकलून देतो. हा पहारेकरी क्षणभराच्या धक्क्यासाठी नेमलेला आहे. त्याला तुम्ही चोवीस तास ड्यूटीवर ठेवलंत तर तो काही दिवस निभावतो, मग पडतो. चाललं म्हणजे बरोबर, असं इलेक्ट्रॉनिक्समध्ये समजायचं नसतं. करारात बसतं म्हणून चाललं, की कोणीतरी सोसतंय म्हणून चाललं, हे पाहावं लागतं.

त्याच्या कामाला उपाय दोन रुपयांचा होता. सेन्सरकडून येणाऱ्या तारेत एक किलोओहमचा रेझिस्टन्स, आणि तिथून जमिनीकडे दोन किलोओहमचा. पाच व्होल्टची दोन-तृतीयांश वाटणी खालच्या रेझिस्टन्सवर येते, म्हणजे ३.३३ व्होल्ट. नवा बोर्ड उसना मिळाला आणि प्रोजेक्ट वेळेत उभा राहिला. पण त्याला मी हेही सांगितलं की हा इलाज सगळीकडे लावू नकोस. वाटणीचा इलाज एकतर्फी आहे, मोठ्यापासून लहानाकडे. आणि तो संथ आहे. तारेत नेहमी थोडी कपॅसिटन्स असते, ती रेझिस्टन्समधून भरायला वेळ लागतो. पाण्याच्या टाकीला घाई नसते. वेगवान डेटा असेल तर सरळ उभ्या कडा गोलसर होतात आणि पुन्हा तोच कोणाचाच नसलेला पट्टा समोर येतो. तिथे पाच व्होल्ट सहन करणारे कान असलेली ३.३ ची बफर चिप लावावी, किंवा दोन बाजूंना दोन वेगळे पुरवठे घेणारी खास दुभाषी चिप. लहानाकडून मोठ्याकडे जायचं असेल तर पाच व्होल्टवर चालवलेली एचसीटी पुरते.

सगळ्यात अवघड प्रसंग तो, जिथे एकाच तारेवर दोघंही आळीपाळीने बोलतात. फिलिप्स कंपनीची १९८२ ची आयस्क्वेअरसी ही दोन तारांची पद्धत अशीच आहे. कोण कधी बोलणार हे तारेकडे पाहून कळत नाही. मग दुभाष्याने तोंड कुठे करायचं? १९९७ साली फिलिप्सच्याच एका तांत्रिक टिपणात याचं उत्तर आलं, आणि ते इतकं साधं आहे की पहिल्यांदा वाचून विश्वास बसत नाही. प्रत्येक तारेला फक्त एक मॉसफेट ट्रान्झिस्टर.

त्याची रचना अशी. गेट ३.३ व्होल्टला बांधलेलं. सोर्स ३.३ च्या बाजूच्या तारेला, ड्रेन पाचच्या बाजूच्या तारेला. दोन्ही तारांना आपापल्या व्होल्टेजकडे ओढणारा एकेक रेझिस्टन्स. आता तीन प्रसंग पाहा. कोणीच बोलत नाही, तेव्हा सोर्सही ३.३ वर आणि गेटही ३.३ वर. फरक शून्य, मॉसफेट बंद. दोन्ही तारा आपापल्या घरी, एक ३.३ वर, एक पाचवर. दुसरा प्रसंग, लहान बाजूने तार खाली ओढली. सोर्स शून्यावर आला, गेट ३.३ वर राहिलं, मॉसफेट उघडला, आणि पाचची तारही त्यातून खाली आली. तिसरा प्रसंग, मोठ्या बाजूने तार खाली ओढली. मॉसफेट अजून बंद आहे, पण त्याच्या अंगातच एक डायोड असतो, तो वाहू लागतो आणि सोर्सला खाली खेचतो. सोर्स पुरेसा खाली आला की मॉसफेट उघडतो आणि उरलेलं काम पूर्ण करतो. दिशा सांगणारी तार नाही, हुकूम देणारा कोणी नाही. जो बोलेल त्याचं दुसऱ्याला ऐकू जातं आणि कोणाचं व्होल्टेज कोणावर चढत नाही. आज बाजारात लाल-निळ्या रंगाचे जे छोटे लेव्हल शिफ्टर बोर्ड मिळतात, त्यातल्या बहुतेकांवर हाच इलाज असतो.

हे सगळं आपल्यापासून लांबचं वाटत असेल तर खिशातला फोन काढा. ३१ जुलै १९९५ ला भारतात मोबाइलवरचं पहिलं संभाषण झालं. त्या काळातली सिमकार्डं पाच व्होल्टवर चालायची. पुढे तीन व्होल्टची आली, मग १.८ ची. प्रमाणात यांना अ, ब, क असे तीन वर्गच दिलेले आहेत. फोन चालू केला की तो आधी स्वतःला जमणाऱ्या सगळ्यात कमी व्होल्टेजवर सिमला हाक मारतो. उत्तर आलं नाही तर वरची पायरी. आधी हळू आवाजात विचारायचं, आणि गरज असली तरच आवाज चढवायचा. रात्री पोस्टवर ‘थम, कौन आता है’ विचारणाऱ्या संत्रीला हे कोणी शिकवायला नको.

आता मूळ मुद्द्यावर येतो. हा इतिहास मी फौजी वाचकांपुढे का मांडतोय?

बाजारातला फोन तीन वर्षांत म्हातारा होतो. फौजेचं यंत्र पंचवीस-तीस वर्षं चालवायचं असतं. ज्या काळात ते बनलं त्या काळाचं व्होल्टेज त्यात असतं. मधल्या काळात जग पाचवरून ३.३ वर, तिथून १.८ वर आणि त्याच्याही खाली गेलेलं असतं. मूळ चिप बनवणं कारखान्याने केव्हाच बंद केलेलं असतं. मग जुन्या यंत्राला नवा भाग जोडावा लागतो, आणि त्या सांध्यावर हा दुभाषी बसवावा लागतो. तो चुकीचा बसला तर यंत्र उघडपणे बंद पडत नाही. उघडपणे बंद पडलेलं परवडतं, दुसरं मागवता येतं. हे यंत्र चालू दिसतं आणि हजारातला एक निरोप चुकवतं. तो एक कुठला असेल, हे आपल्या हातात नसतं. निरोप चुकला तर काय होतं, हे या वाचकांना मी सांगायचं कारण नाही.

आणि इथे माणसांचाही एक प्रश्न आहे. आज युनिटला येणारी पोरं हुशार आहेत. संगणक त्यांच्या हाताला आपल्यापेक्षा चांगला वळतो. पण ०.८ आणि २.० हे आकडे त्यांनी कधी ऐकलेले नसतात, कारण त्यांच्या जगात ती चिप शिकवतच नाहीत. दुसरीकडे, ज्यांना ते पाठ आहे ते एकेक करून पेन्शनला जात आहेत. जबलपूरला, महूला किंवा गोव्याला शिकलेले, टीटीएलच्या पायावर प्रोब ठेवून बोटाने दोष दाखवणारे कितीतरी निवृत्त सुभेदार आणि हवालदार आज सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर, बुलढाण्याच्या गावांत बसून आहेत. त्यांच्या डोक्यातलं बरंचसं कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही. नव्या पोरांना कालचं कळत नाही, जुन्यांना आजचं ओळखीचं वाटत नाही, आणि मधे जे बसायचं ते काम माझ्या वयाच्या मंडळींचं आहे. आम्ही पाच व्होल्टवर शिकलो आणि ३.३ वर नोकरी केली.

म्हणून माजी सैनिक बांधवांना एक विनंती. गावातल्या शाळेत, आयटीआयमध्ये, शेजारच्या पोराच्या प्रोजेक्टवर, जिथे संधी मिळेल तिथे बसा. पोरांवर आपलं व्होल्टेज चढवू नका. “आमच्या वेळी” असं म्हणून पूर्ण पाच व्होल्ट त्यांच्या कानात सोडले तर ती ऐकणार नाहीत, पिन तेवढी जळेल. आणि आवाज इतका बारीकही करू नका की त्यांना कळूच नये. त्यांना झेपेल त्या पातळीवर आणून सांगा. अर्थ मात्र पूर्ण पोचू द्या, त्यातला एक आकडाही कमी करू नका.

तरुण वाचकांनाही एक सांगणं. दोन चिपा जोडण्याआधी दोघींचे कागद उघडा आणि चार आकडे शेजारी-शेजारी लिहा. देणारी किमान किती देते, घेणारी किमान किती मागते, शून्याला कोण कुठवर जातं, आणि घेणारीला जास्तीत जास्त किती सोसतं. हे लिहायला पाच मिनिटं लागतात. शेजारचा तो पोरगा आता प्रत्येक सर्किटच्या वहीत वरच्या कोपऱ्यात हे चार आकडे आधी लिहितो. परवा त्याने वर्गातल्या दुसऱ्या एका मुलाचा बोर्ड जळायच्या आधी थांबवला, असं त्याच्या आईने माझ्या बायकोला सांगितलं.

पुढचा लेख बहुतेक इथल्या भोसल्यांच्या खुणांवर. बिंबाजी भोसले रतनपूरला राहून छत्तीसगढ कसा चालवत होते, ते वाचतोय. तोवर सांभाळून राहा.

जय हिंद.